सव्वादोन बाय दीड

उद्यमनगरात माझ्या शेडमध्ये
आजवर जे झालं ते जमिनीसाठीच:
शटर, ग्रिल, उसाच्या ट्रॉलीची फाळकी,
एकदा एका तालमीच्या दाराची कडी.
नावेसाठी कुणी आलं नव्हतं.

चौगुले आले ते वहीचं पान घेऊन.
शिवगोंडा चौगुले, कुरुंदवाड.
छत्तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर ऊस तोललेला माणूस.
पूल झाला, तर बंद पडली,
तरीची नाव भंगारात निघाली, ती यांनी घेतली,
वर पत्र्याची खोली चढवली.
"आता छपरात काच पायजे. सव्वादोन बाय दीड.
गळली न्हाई पायजे बघा."
कशाला, ते मी विचारलं नाही.
गिऱ्हाइकाला कशाला विचारत नाहीत,
किती एमएम ते विचारतात.

घराचं छप्पर एका जागी असतं,
उतार एकदा ठरवला की ठरला.
नावेत माणूस कूस बदलला तरी उतार फिरतो
आणि पाणी तर टपूनच असतं.
म्हणून चारी बाजूंनी तीन इंच उंच कडं उभं केलं,
कोपरे वेल्ड केले, सांधा म्हणून ठेवला नाही.
ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दस्तगीरचाचा
एसटीच्या काचा बसवायचे. म्हणायचे,
काच आवळायची न्हाई, टेकवायची.
भोक स्क्रूपेक्षा सूतभर मोठं ठेव.
उन्हात पत्रा अंग ताणतो, त्याला जागा दे,
न्हाईतर तो घेतोय.

घाटावर दोन फळ्या टाकून वर चढलो.
नाव हलत होती, ड्रिल हलत होतं,
पहिलं भोक पाडताना पोटात कसंतरी झालं.
चांगलं छप्पर होतं ते.
मग ती काळी पट्टी, गुऱ्हाळातल्या काकवीसारखी
बोट सोडायला तयार नाही,
तिच्यावर कडं, कड्यावर रबर, रबरावर काच.
कडेनं सीलंट बाहेर आलं
म्हणजे आत पुरलं.

नदीतच मोटर टाकून अर्धा तास पाइप मारला.
खाली चौगुले पेपर पसरून बसलेले.
मधेच ओरडले, "बातम्या कोरड्या हायत!"
पैसे दिले, वर अर्धा किलो बासुंदी.

डिसेंबरात पहाटे पाचला फोन.
"गळलं."
तेवढंच.

गाडीवर बोटं आखडली. नदी धुक्यात,
नाव अशी, जणू कुणी पुसून अर्धीच ठेवलेली.
वर चढून बघितलं: रबर जागेवर, स्क्रू जागेवर,
आठवडाभर आभाळात ढग नाही.
आत उतरलो. पेपर भिजलेला.
काचेला आतून बोट लावलं,
बोटाबरोबर पाणी खाली आलं.

"काका, रात्री आत कोण कोण होतं?"
"मी. आन् ही."
"दारं?"
"लावलेली. थंडी किती हाय! आन् चहा केला दोनदा."
"मग हे बाहेरचं न्हाई.
तुमचा श्वास वर गेला, थंड काचेला लागला,
तिथनं परत आला."
चौगुल्यांनी हिशेब केल्यासारखं डोकं हलवलं.
"म्हंजे आम्हीच गळलो म्हणा की."

गोधडीच्या ढिगातून हसू आलं.
तोवर मला कळलंच नव्हतं,
ढीग म्हणजे पद्माक्का आहेत.
त्या उठल्या नाहीत. उठता येत नसावं.
खाट बरोबर काचेखाली होती,
सव्वादोन बाय दीड.

यावर उपाय आहे, अवघड नाही.
कड्याला आतून बारीक पन्हळ,
खालच्या कोपऱ्यांत दोन भोकं, बाहेर तिरकी.
पाण्याला अडवायचं नाही, जायला सांगायचं.
हे मी आधीच करायला हवं होतं.
पावसाचं सगळं धरलं होतं मी,
माणसं आत राहतील हे धरलं नव्हतं.

पाठीवर पडून ड्रिल वर धरलं
आणि काचेवर काहीतरी उतरलं.
दोन काळे पाय, पिवळी बोटं,
बगळा. खालून मी कधी बघितला नव्हता.
"रोज येतोय," पद्माक्का म्हणाल्या,
"ह्याच वक्ताला."

प्लग लावलेला होता, बोट बटणावर होतं.
तो उठेपर्यंत
आम्ही तिघंही वरच बघत पडून होतो.